सहाव्या भागातली बाई

पप्पा, ती शेळी परत आली आहे.

रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची, ती. चार भावंडं भाड्याच्या घराच्या गच्चीवर चोरून शेळी पाळतात आणि घरमालकाला तिचा पत्ता लागू द्यायचा नाही, एवढ्याशा भांडवलावर त्या लोकांनी तेरा भाग काढले होते. तुम्हाला ती मालिका मुळीच आवडायची नाही. शेळी इतकी गुणाची नसते, हे तुमचं एक म्हणणं, आणि उजेड सगळीकडे सारखा पडलाय, सावली कुठेच नाही, हे दुसरं. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या माणसाला टीव्हीवरचं काहीच धड दिसत नाही, असं मम्मी म्हणायची. तर आता ते तेराही भाग कुणीतरी इंटरनेटवर टाकलेत. त्याला पहिला सीझन म्हणतात. आम्ही बेलापूरची पोरं त्याला नुसतं 'शेळी' म्हणायचो. माझी लेक आठवीत आहे. तिने मोबाइलवर शोधून काढलं आणि म्हणाली, चल, तुझं बालपण बघू. तिच्या लेखी माझं बालपण म्हणजे प्राणिसंग्रहालय. दोन शनिवारी दुपारी बसून आम्ही पाच भाग पाहिले आणि पुष्कळ हसलो. घरमालकाचा केसांचा टोप, थोरल्या भावाचं खोटं खोकणं, सगळं होतं तसंच होतं. मग सहावा भाग लागला आणि मी तिला म्हणाले, थांब, आता ती बाई बोलेल.

ती बोलली नाही. माझ्या डोक्यात तो भाग असा आहे. घरमालक जेवायला आलाय. शेळी स्वयंपाकघरात बांधलीय. पडदा हलतो. घरमालक विचारतो, आत कोण आहे? सगळे गप्प. मग टीव्हीतले न दिसणारे लोक हसतात, ते ठेवणीतलं हसू, आणि त्या हसण्याच्या खालून, पडद्यामागून, एक बाई रडून जड झालेल्या आवाजात म्हणते, "आता जेवून घे तू. सकाळधरनं उपाशी हायेस." मालिका हिंदी आणि ही एकटी बाई आपल्याकडची मराठी बोलते, हे मला लहानपणी कधी खटकलं नाही. स्वयंपाकघरातली बाई ती, मराठीतच बोलणार, असा माझा हिशेब होता. आणि आता मोबाइलवर घरमालक विचारतो, लोक हसतात, थोरला भाऊ खोकतो आणि पुढचा प्रसंग सुरू होतो. मधे कुणीच नाही. मी तीन वेळा मागे नेऊन पाहिलं. मग लेकीला समजावं म्हणून ते वाक्य मी स्वतः म्हणून दाखवलं. ती म्हणाली, तू आवाज का बदललास? मी मुद्दाम काही बदललं नव्हतं.

शाळेतल्या दोन मैत्रिणींना फोन केले. शेळी दोघींना आठवते, टोप आठवतो, बाई कुणालाच आठवत नाही. एकीने मला बीपी तपासून घ्यायला सांगितलं. पण मी काही स्वप्नात ऐकलेलं नव्हतं. चौथीत असताना मी त्या बाईला चांगली ओळखत होते. टीव्ही बंद असला तरी ती आत कुठेतरी असते, असं मला वाटायचं. आपल्या स्वयंपाकघराच्या दाराला मम्मीने जुन्या साडीचा पडदा लावला होता. दुपारी मम्मी शाळेत शिकवायला गेलेली असली की मी त्या पडद्यापाशी ताटली घेऊन बसायची आणि ती बाई जेवायला सांगेल म्हणून वाट बघायची. भीती वाटायची, आणि तरी बसायची. वारा आला की पडदा हलायचा आणि मी घास तोंडात घालायची.

आणि त्या पडद्यापाशीच तुम्ही मला मारलं होतं. आयुष्यात एकदाच. मी भातुकली मांडलेली आहे. एका बाहुलीला पुढ्यात घेऊन मी त्या बाईचा आवाज काढते, आता जेवून घे तू, सकाळधरनं उपाशी हायेस. तुम्ही दारात येऊन उभे राहिलाय हे मला माहीत नाही. गाल एकदम गरम होतो, कानात शिट्टी वाजते. तुमचा चेहरा मला रागावलेला दिसत नाही, घाबरलेला दिसतो. तुम्ही म्हणता, "परत हे तोंडातून काढायचं नाही. कुणापुढंच नाही." मग तुम्हीच माझ्यासाठी पाणी आणता आणि मी पिईपर्यंत पेला धरून बसता. मी कारण विचारलं नाही. मला वाटलं, तुम्हाला माझा दुसरा गुन्हा आठवला असेल. खाई त्याला खवखवे, तसं माझं झालं होतं.

तो दुसरा गुन्हा तुम्हाला माहीत होता. पण तुम्हाला मी सांगितला तसा तो नव्हता, म्हणून आज पहिल्यापासून सांगते.

त्या वर्षी वैशाखात तुम्ही स्टँडवर पेरू विकणाऱ्या मावशींच्या मुलीचं लग्न शूट केलं. प्रवरेच्या काठाला त्यांची पेरूची थोडी झाडं होती, घरी मावशी, एक मुलगा आणि ही मुलगी. स्थळ घाईत ठरलं होतं. लग्न झालं, तुमच्या पद्धतीने मूळ कॅसेट नगरला मिक्सिंगला गेली, आणि मिक्सिंगवाल्याने त्याच्या पद्धतीने तिच्यावर फुलं उधळली, बदामाच्या आकारात नवरा-नवरी बसवले आणि सगळे खरे आवाज पुसून वर सिनेमाची गाणी घातली. तेव्हा सगळ्यांच्या लग्नात तसंच असायचं. हळदीला एक गाणं, वरातीला दुसरं, आणि पाठवणीला ते रडकं, जे ऐकून मम्मीसुद्धा डोळे पुसायची. ती तयार कॅसेट मावशींना मिळाली. त्यांच्याकडे ती लावायला काही नव्हतंच, म्हणून त्यांनी ती पेटीत ठेवली. श्रावणात पंचमीला लेकीला माहेरी आणायला मुराळी म्हणून भाऊ जायचा होता. चार दिवस आधी निरोप आला की विहिरीवर पाणी शेंदताना पोरीचा पाय घसरला. लोक दबक्या आवाजात काहीबाही बोलत. खरं काय ते त्या विहिरीलाच माहीत.

दसऱ्याच्या सुमाराला मावशी पहिल्यांदा आपल्या घरी आल्या. पदराखाली कॅसेट. तुम्ही लावून दिलीत. मी शेजारी बसून गृहपाठ करते आहे. त्यांनी हळद बघितली नाही, अक्षता बघितल्या नाहीत. एकदम शेवटाला न्यायला सांगितलं. जीपपाशी ती मुलगी उभी आहे, मावशी तिच्यासमोर. वर ते रडकं गाणं चाललंय. मुलीचे ओठ हलतात. मावशी मान डोलावतात. मग मुलगी मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे बघते, म्हणजे खोलीत बसलेल्या आपल्या सगळ्यांकडे बघते, आणि जीप निघते. मावशींनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ओठ हलले, पुन्हा तिने आमच्याकडे बघितलं. सहा-सात वेळा तरी झालं असेल. त्या मुलीला काहीतरी सांगायचं होतं आणि गाणं तिच्या तोंडावर हात ठेवून उभं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि मी पेन्सिल घेऊन मम्मीच्या मागे जाऊन बसले.

मग मावशी तुम्हाला म्हणाल्या, "भाऊ, ह्या टायमाला ती माझ्याशी कायतरी बोलली. ब्यांड वाजत हुता. मला आयकू आलं न्हाई, म्या नुस्तं व्हय व्हय केलं. आता सपनात येती, व्हट हलत्यात, पर तितंबी ह्येच गानं वाजतं. तिला जायचं नव्हतं का काय? मला न्हेऊ नका म्हनली आसंल आन् म्या व्हय व्हय म्हनून लावून दिली आसंल तर?"

तुम्ही त्यांना मिक्सिंग काय असतं ते समजावून सांगितलं. खरा आवाज मूळ कॅसेटवर आहे, ती नगरला आहे, मी आणतो, म्हणालात. त्या दिवशी जाताना त्यांनी माझ्या हातात एक पेरू ठेवला. पुढे कितीतरी शनिवार तुम्ही नगरला जाऊन रिकामे परत आलात, कारण मिक्सिंगवाल्याच्या ढिगात ती सापडत नव्हती. तुळशीच्या लग्नानंतरच्या एका शनिवारी सापडली. तुम्ही घरी आल्या आल्या स्क्रूड्रायव्हरने तिचा टॅब मोडलात, म्हणजे चुकूनही कुणी तिच्यावर रेकॉर्डिंग करू शकणार नाही. लाल पेनाने 'ठेवणे' असं लिहून ती व्हीसीआरवर ठेवलीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्हाला नेवाशाला लग्नाला जायचं होतं. जेवताना मम्मीला म्हणालात की सोमवारी मावशींना बोलावू, आपण आधी ऐकायची नाही, तिच्या आईने आधी ऐकावी. मी तिथेच बसले होते. भाकरीच्या पापुद्र्यात चटणी भरत होते. मी सगळं ऐकलं.

रविवारी दहाला शेळी आणि दहालाच चर्चमध्ये उपासना, ही माझी नेहमीची फजिती. तुम्ही माझ्या वाढदिवसाला एक कोरी कॅसेट दिली होती, माझी स्वतःची. उपासनेला निघताना मी बटण दाबून जायची आणि आल्यावर बघायची. पाच भाग तसे साठले होते. त्या रविवारी सकाळी माझ्या कॅसेटची रीळ व्हीसीआरने खाल्ली. चुरगळून बाहेर आली. मम्मी चर्चमध्ये पेटीवर गाणी वाजवायची म्हणून लवकर गेली होती. तुमच्या कपाटाला कुलूप होतं. समोर एकच कॅसेट होती. मोडलेल्या टॅबच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की रेकॉर्डिंग होतं, हे तुम्हीच करताना मी शंभरदा पाहिलं होतं. मी चिकटपट्टी लावली. लाल अक्षरं वाचली. मी म्हटलं, मावशींचा भाग शेवटाला असेल, माझं सुरुवातीला होऊन जाईल, मग पट्टी काढून ठेवू. नगरहून आलेली ती कॅसेट गुंडाळायची राहिली आहे, नेमकी पाठवणीच्या जरा आधी थांबली आहे, हे बघायचं मला सुचलं नाही. बटण दाबून मी चर्चला गेले. पाळकसाहेबांनी त्या दिवशी काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण मी अगदी आनंदात गाणी म्हटली हे आठवतं. आल्यावर सहावा भाग बघितला.

संध्याकाळी तुम्ही नेवाशाहून आलात, कॅसेट गुंडाळायला म्हणून लावलीत आणि पडद्यावर शेळी आली. तुम्ही मला हाक मारली. मी म्हणाले, मला वाटलं कोरी आहे. लेबल बघितलं नाही. तुम्ही नुसतं हं म्हणालात. सोमवारी मावशी आल्या तेव्हा मी शाळेतून येऊन दप्तर ठेवत होते. तुम्ही त्यांना सांगितलंत, "आक्का, कॅसेटला बुरशी लागली. काही राहिलं नाही. चूक माझी आहे, वेळेवर आणायला पाहिजे होती." त्या उंबऱ्यात बसल्या. म्हणाल्या, असू द्या, तुमचा काय दोष. जाताना माझ्या हातात पेरू. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तुम्ही तरी काय करणार होतात. पण पुढची सात-आठ वर्षं दर पंचमीच्या आसपास त्या येत राहिल्या, काही निघालं का विचारत राहिल्या, तुम्ही खाली मान घालून नाही म्हणत राहिलात, आणि मला पेरूचा वासही सहन होईनासा झाला.

मला वाटत होतं ते सगळं मला माहीत होतं. मागच्या महिन्यात कळलं की निम्मंच माहीत होतं.

सहावा भाग मोबाइलवर बघितल्यापासून मला ती बाई सुटेना. मम्मी आता माझ्याकडेच असते, नगरला. तिला विचारलं, तुमच्या सामानातली एखादी कॅसेट राहिली आहे का? ती म्हणाली, एकच आहे, ती टाकू नको म्हणून ह्यांनी बजावलं होतं. लोखंडी पेटीच्या तळाशी, तुमच्या बायबलच्या खाली होती. लाल अक्षरं गुलाबी झालीत, पण माझी चिकटपट्टी अजून खाचेवर आहे. नगरमध्ये एक जण जुन्या कॅसेटचं पेनड्राइव्हवर करून देतो. त्याच्या दुकानात भर दुपारी, रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत असताना, मी स्टुलावर बसले आणि त्याने ती लावली. शेळी आली, पण तिच्या अंगावर रंगांचे पट्टे फिरत होते. तो कानाला हेडफोन लावून ऐकत होता. एकदम थांबला आणि म्हणाला, मॅडम, ह्याच्या खाली दुसरी माणसं आहेत. पुसणारं हेड झिजलेलं असलं की जुना आवाज पूर्ण जात नाही, नवीन त्याच्यावर बसतो, खाली जुना चालूच राहतो. काढून टाकू का, स्वच्छ होईल? मी नको म्हणाले आणि हेडफोन मागितला.

मालिकेतली माणसं हिंदीत बोलत होती आणि त्यांच्या पायाखाली लग्न चाललं होतं. बँड, ताशा. भांड्यांचे आवाज. कुणीतरी जीपवाल्याला हाका मारतंय. घरमालक म्हणाला, आत कोण आहे? लोक हसले. हसू संपता संपता ती बोलली. ह्या वेळी मला सुरुवातसुद्धा ऐकू आली, जी लहानपणी हसण्यात बुडायची. "आये, आता जेवून घे तू. सकाळधरनं उपाशी हायेस." कन्यादान होईपर्यंत आई उपाशी असते, पप्पा. त्यानंतर पंगती वाढण्यात मावशींना कुणी विचारलंच नसणार. ते फक्त त्या मुलीच्या लक्षात होतं. तीस वर्षं मावशींना वाटत होतं की पोरगी म्हणाली मला पाठवू नको. आणि नऊ वर्षांची मी भातुकलीत त्यांचं उत्तर घेऊन बसले होते, बाहुलीला भरवत होते.

पण त्याच्यापुढे आणखी एक वाक्य आहे. मावशींचं व्हय व्हय ऐकू येतं, त्यानंतर त्या म्हणतात, "काय म्हनलीस गं?" त्यांनी विचारलं होतं, पप्पा, त्यांनाच ते आठवत नाही. आणि त्यांना उत्तर मिळायच्या आत, अगदी माइकजवळ, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, तुमचा आवाज येतो. "आक्का, बाजूला व्हा जरा. लाइट अडतोय. ताई, इकडं कॅमेऱ्याकडं बघा." मग दार लागल्याचा आवाज, मग जीप, मग शेळी.

मी हेडफोन काढला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. तुमच्यावर इतकी चिडले होते की मेलेल्या माणसावर चिडता येतं ह्याची मला लाज वाटेना. म्हणजे तुम्ही ऐकलं होतंत. मला मारलंत त्याच्या आधी कधीतरी, घरात कुणी नसताना, तुम्ही ती कॅसेट कान लावून ऐकली होतीत. तुम्हाला तिचं वाक्य माहीत होतं. तुम्ही मावशींना ते एका दमात सांगू शकला असता आणि त्या बाईची सात-आठ वर्षांची वारंवार यायची फरफट थांबली असती. लोकांना वाटलं असतं तुम्ही मला वाचवत होता, मलाही वाटत होतं, आणि थोडंफार खरंही असेल. पण तुम्ही ते दुसरं वाक्य ऐकलं होतंत. आईला बाजूला व्हा म्हणणारं. प्रत्येक पाठवणीला तुम्ही तेच म्हणायचात, कधी कधी तर परत एकदा गळ्यात पडा, उजेड बरोबर नव्हता, असंही. तुमच्या कामाचा तो भाग होता. शेवटचं असणार हे तुम्हाला कुठून कळणार होतं. हे सगळं मी पायरीवर बसून स्वतःला समजावलं आणि तरी माझा राग संध्याकाळपर्यंत गेला नाही.

मागच्या रविवारी मी बेलापूरला गेले. मावशी आहेत अजून. पेरूची झाडं गेली, तिथे मुलाने ऊस लावलाय. त्या ओसरीवर बसल्या होत्या. कानाने जवळजवळ गेल्यात. मी कोणाची ते सुनेने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, शूटिंगवाल्या भाऊंची. त्यांनी माझा हात धरला आणि बरीच मोठी झालीस की, असं काहीतरी म्हणाल्या. मी मोबाइल काढला, आवाज पूर्ण वाढवला, त्यांच्या कानाला लावला. त्यांनी मान हलवली. त्यांना नुसती खरखर येत होती, म्हणाल्या, गानं वाजतंय का? मी म्हणाले नाही, गाणं नाही. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग माझ्याकडे एकच मार्ग उरला. तुम्ही कुणापुढंच नाही म्हणून बजावलं होतं ते मी केलं. त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "आये, आता जेवून घे तू. सकाळधरनं उपाशी हायेस."

तो आवाज माझा नव्हता. मी काढला नव्हता, पप्पा, तो नुसता आला. आत भांडी घासणारी सून थांबली. मावशींनी माझ्या तोंडाकडे बघितलं, ओठांकडे. त्यांनी विचारलं, "आन् म्या काय म्हनले?"

मी म्हणाले, तुम्ही व्हय म्हणालात.

"व्हय म्हनले, पर जेवले न्हाई म्या त्या दिशी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिशीबी न्हाई."

आणि त्यांनी सुनेला ताट वाढायला सांगितलं. दुपारचे तीन वाजले होते, त्यांचं जेवण कधीच झालं होतं, सून माझ्याकडे बघत राहिली. मी वाढा म्हणून खूण केली. त्यांनी भाकरी कुस्करली, वर पिठलं घेतलं, आणि मान खाली घालून, ताट पुसून घेईपर्यंत जेवल्या. मी समोर बसले होते. घाबरले होते, लहानपणी त्या पडद्यापाशी बसायचे तशीच. हात धुतल्यावर त्या म्हणाल्या, तुझ्या बापानं शब्द पाळला, एवढी वरसं संबाळून ठिवलं. मी नाही म्हणाले नाही. कॅसेट कुणी पुसली तेही सांगितलं नाही. सांगायला गेले होते, आणि सांगितलं नाही.

आणि त्यांना जे ऐकवायला नेलं होतं ते पूर्ण नव्हतं. जायच्या आधी मी त्या दुकानात जाऊन शेवट कापून घेतला होता. निघताना मी दिलं आणि सुनेने त्यांच्या मोबाइलमध्ये ठेवलंय, ते 'व्हय व्हय'वर संपतं. त्यांनी 'काय म्हनलीस गं' विचारलं, तिथून पुढचं त्यात नाही. पेनड्राइव्हवरचं पूर्ण माझ्याकडे आहे, कपाटात, कुलपात.

लोकांची शेकडो लग्नं तुम्ही खांद्यावर घेऊन फिरलात, पण स्वतः कुठल्याच कॅसेटमध्ये कधी आला नाहीत. कॅमेरा तुमच्याकडेच असायचा. तुमचा आवाज कसा होता हे मी विसरत चालले होते, मम्मीलाही आता नीट सांगता येत नाही. तुमचा म्हणून माझ्याजवळ आता तेवढाच आवाज आहे, एका आईला बाजूला व्हा म्हणणारा. सगळे बाहेर गेले की मी तो लावते. त्या मुलीचं वाक्य मी पुढे ढकलते आणि तुमचंच ऐकते.